डिस्ट्रॅक्टिंग म्हणजे नेमकं काय हो?

‘काळ्या खोलीतून’ : वाचकांचे फोटोविषयक प्रश्न

१९ ऑगस्टला जागतिक छायाचित्रण दिन होऊन गेला की गावोगावचे फोटो क्लब खडबडून जागे होतात, आणि माझ्याकडची पत्रंही वाढतात. या वेळी निम्म्याहून जास्त पत्रं क्लबच्या मासिक स्पर्धांवर आहेत, म्हणून हा अंक त्यांनाच दिला. नव्या वाचकांसाठी सांगतो, मी एकतीस वर्षं मिरजेत एक्स-रे तंत्रज्ञ होतो. सोमवार ते शनिवार लोकांची हाडं, रविवारी बाकीचं. क्लबच्या स्पर्धांत भरपूर हरलो, थोडंफार जिंकलो, आणि केस पांढरे झाल्यावर परीक्षकाच्या खुर्चीतही बसलो.

प्रश्न : मी प्राथमिक शिक्षिका आहे, वय ४२. सहा महिन्यांपूर्वी फोटो क्लबची सभासद झाले. गेल्या महिन्यात धीर करून पहिल्यांदा स्पर्धेला फोटो दिला. बेदाण्याच्या शेडमध्ये काम करणाऱ्या बाईचा. तीन परीक्षकांनी मिळून ३० पैकी १३ गुण दिले आणि त्यातले एक जण एवढंच म्हणाले, ‘बॅकग्राउंड डिस्ट्रॅक्टिंग आहे.’ वीस सेकंदांत पुढचा फोटो आला. त्या फोटोसाठी मी तीन रविवार शेडवर घालवले होते. घरी येऊन रडले. आता पुन्हा फोटो द्यावासा वाटत नाही. आणि डिस्ट्रॅक्टिंग म्हणजे नेमकं काय हो?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : ताई, पत्रासोबत फोटोची प्रत पाठवलीत हे फार बरं केलंत, नाहीतर मीही त्या परीक्षकांसारखा हवेतच बोललो असतो. चार दिवस तो टेबलावर समोर ठेवला होता.

जाळीवर हिरवा बेदाणा पसरणारी ती बाई, शेडच्या हिरव्या नेटमधून गाळून येणारा उजेड, तिच्या हाताला लागलेला तो चिकट ओलावा, हे सगळं उत्तम टिपलंय. पण तिच्या डोक्याच्या बरोबर मागे एक निळं प्लास्टिकचं पिंप उभं आहे, डिपिंग ऑइलचं, म्हणजे द्राक्षं बुडवायच्या तेलाचं, असावं. पिंप तिच्या डोक्यातूनच उगवल्यासारखं दिसतं. आणि डाव्या कडेला पांढऱ्या बनियनमधला एक माणूस मोबाइल बघत बसलाय, तोही अर्धा कापलेला. डोळा आधी सगळ्यात उजळ किंवा सगळ्यात भडक जागी जातो, त्याला आपला इलाज नाही. मी पाकीट उघडलं तेव्हा मला पहिल्यांदा पिंप दिसलं, मग बनियन. बाईकडे मी तिसऱ्या नंबरला पोचलो. ‘डिस्ट्रॅक्टिंग’ या शब्दाचा अर्थ तेवढाच. परीक्षकांनी ‘पिंप’ म्हटलं असतं तर तुम्हाला लगेच कळलं असतं.

तीन रविवारांत तुम्हाला ते पिंप दिसलं नाही, कारण तुम्ही तिथं होतात. पत्र्याखालचा उकाडा, द्राक्षांचा तो आंबूसगोड वास, त्या बाईनं हात न थांबवता सांगितलेली लेकीच्या लग्नाची हकीकत (तुम्ही पत्रात लिहिलीय ती). फोटो बघताना तुम्ही हे सगळं बघता. परीक्षकापुढे मात्र नुसता एक चौकोन असतो.

एक्स-रे रूममध्ये हे मला पहिल्याच आठवड्यात समजलं होतं. पेशंट कितीही विव्हळला तरी फिल्मवर विव्हळणं उमटत नाही, हाडातली रेघ तेवढी उमटते. आणि गळ्यातला ताईत काढायला विसरलात, तर बरगड्यांच्या मधोमध तो ताईत असा ठळक येतो की डॉक्टर आधी तोच बघतात आणि मग तुमच्याकडे बघतात. तुमचं पिंप म्हणजे तो ताईत आहे.

तेव्हा पुढचा फोटो देण्याआधी एक करा. जो माणूस त्या जागी नव्हता त्याला फोटो पाच सेकंद दाखवा, झाकून ठेवा आणि विचारा, काय दिसलं? ‘छान आहे का’ असं विचारू नका, घरचे लोक छानच म्हणतात. आमच्याकडे हे खातं बायकोकडे आहे. ती गवार मोडता मोडता एका शब्दात निकाल देते आणि तो शब्द बहुतेक वेळा बरोबर असतो. कुणीच हाताशी नसेल तर फोटो उलटा करून बघा. डोकी खाली गेली की गोष्ट पुसली जाते आणि उजेड-अंधाराचे ठिपके उरतात. त्यातला कुठला ठिपका उगाच ओरडतोय ते लगेच कळतं.

आहे त्या फोटोचं काय करायचं? डावीकडून कापा, बनियन गेला. पिंप खुल्या विभागात, म्हणजे जिथं एडिटिंगला मोकळीक असते तिथं, थोडं काळं करून मागे ढकलता येईल. डार्करूममध्ये आम्ही हेच बाकीच्या भागावर हाताची सावली धरून करायचो. पण खरं औषध फेब्रुवारी-मार्चमध्ये आहे. शेड पुन्हा भरतील, द्राक्षं जाळीवर पंधराएक दिवस असतात, बाई कदाचित त्याच असतील. दोन पावलं डावीकडे सरका आणि गुडघ्यावर बसा. मागे पिंपाऐवजी एकावर एक चढलेल्या जाळ्यांच्या ओळी येतील.

वीस सेकंदांबद्दल. चाळीस सभासदांनी दोन-दोन फोटो दिले तर ऐंशी होतात. संध्याकाळ दोन तासांची, त्यात उशिरा येणारे, प्रोजेक्टरची वायर, चहा आणि अध्यक्षांचं भाषण. परीक्षकाला सावकाश बोलायला वेळ नसतो, म्हणून तो खिशातले तयार शब्द काढतो : डिस्ट्रॅक्टिंग, टाइट क्रॉप, स्टोरी नाही. चहाच्या वेळी त्याला गाठा आणि विचारा, ‘सर, माझ्या फोटोत तुमचा डोळा कुठं अडकला?’ मी परीक्षक म्हणून बसलो त्या सगळ्या वर्षांत असं विचारणारे चारपाचच भेटले. त्यांचे फोटो मला आजही आठवतात.

आणि रडलात त्याची लाज वाटून घेऊ नका. मी भांडलो होतो. १९९१ साल. सांगलीच्या आयर्विन पुलाचा, धुक्यातला, दहा बाय बाराचा ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट. माझ्या मते जगात तोड नव्हती. कोल्हापूरहून आलेल्या परीक्षकांनी तो हातात घेतला, लांब धरला, जवळ आणला आणि म्हणाले, ‘पूल छान बांधलाय. तुम्ही काय केलंत?’ हॉल हसला. मी उभा राहून काहीबाही बोललो आणि शेवटच्या एसटीनं मिरजेला आलो. पूल १९२९ सालचा आहे. त्याच्या बांधकामाचं श्रेय मी मागत होतो हे कळायला मला वर्ष लागलं. त्यानंतर बराच काळ मी कृष्णेच्या घाटावर पुलाकडे पाठ करून फोटो काढले. त्यातल्या म्हशी धुणाऱ्या पोरांच्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं, झाकणाचा स्टीलचा डबा. त्यात आमच्याकडे अजून चहापूड असते.

प्रश्न : लॅपटॉपवर झकास दिसणारा माझा फोटो क्लबच्या प्रोजेक्टरवर मेल्यासारखा दिसतो. प्रोजेक्टर खराब आहे की मी?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : बहुधा दोघंही, पण तुमचा वाटा आधी बघू. फोटो ‘अ‍ॅडोबी आरजीबी’ या रंगव्यवस्थेत ठेवला असेल तर साध्या सॉफ्टवेअरवर आणि प्रोजेक्टरवर रंग फिके पडतात. स्पर्धेला देताना ‘एसआरजीबी’मध्ये बदलून द्या. दुसरं, तुम्ही रात्री अंधारात, स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवून एडिटिंग करत असणार. मग फोटो मुळातच काळपट होतो आणि घरी ते जाणवत नाही. उजेड निम्म्यावर आणा, खोलीतला दिवा लावा आणि पुन्हा बघा.

मापाचंही तपासा. बरेच क्लब रुंदी १९२० आणि उंची १०८० पिक्सेल मागतात. उभ्या फोटोलाही उंची १०८०च मिळते, त्यामुळे तो पडद्यावर बिचारा अरुंद दिसतो. बारीक तपशिलाचा उभा फोटो असेल तर तो प्रिंट विभागात द्यावा. आणि फोटोवर कोपऱ्यात नाव टाकू नका, पुष्कळ ठिकाणी तेवढ्यावर बाद करतात.

प्रश्न : वाशिष्ठीच्या काठी वायरवर बसलेल्या खंड्याचा फोटो निसर्ग विभागात दिला होता. मागून जाणारी दुसरी वायर फक्त पुसली होती. पक्ष्याला हातही लावला नाही. तरी फोटो बाद केला आणि वर सगळ्यांसमोर सांगितलं. एका वायरीसाठी एवढं?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : सगळ्यांसमोर सांगायला नको होतं. बाद करणं मात्र बरोबर.

निसर्ग विभागाची व्याख्या तुमच्या क्लबनं शोधलेली नाही. फियाप ही आंतरराष्ट्रीय छायाचित्रण संघटना, अमेरिकेची फोटोग्राफिक सोसायटी आणि ब्रिटनची रॉयल फोटोग्राफिक सोसायटी यांनी मिळून एक व्याख्या मान्य केली आहे आणि आपल्याकडचे बरेच क्लब तीच धरून चालतात. तिचा गाभा असा की चौकटीतलं काहीही वाढवायचं, हलवायचं, बदलायचं किंवा काढायचं नाही. कापणं चालतं, म्हणजे कडेची वायर क्रॉप करून घालवता आली तर घालवा. सेन्सरवरच्या धुळीचे डाग पुसणं चालतं, नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, कमी करणं चालतं, पूर्ण फोटो कृष्णधवल करणं चालतं. वायर पुसणं चालत नाही, फांदीही नाही, पक्ष्याच्या चोचीवरचं गवताचं पातंसुद्धा नाही. पाळीव प्राणी नाहीत, बागेतली लावलेली संकरित फुलं नाहीत. मानवी वस्तू साधारणपणे नको, पण माणसाच्या वस्तीला सरावलेल्या जिवाची ती गोष्टच असेल तर चालते. पडक्या वाड्यातलं गव्हाणी घुबड हे त्याचं चांगलं उदाहरण. तुमची वायर राहिली असती तर फार तर गुण कापले गेले असते. ती पुसलीत म्हणून फोटोच गेला.

एवढा कडकपणा का, तर निसर्ग विभागात परीक्षक तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून बसलेला असतो. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमची जी मोठी वन्यजीव स्पर्धा आहे, तिचं २००९ सालचं पहिलं बक्षीस कुंपणावरून झेप घेणाऱ्या लांडग्याच्या फोटोला मिळालं होतं. जानेवारी २०१० मध्ये ते काढून घेतलं. लांडगा रानातला नसून शिकवलेला असावा, असा परीक्षकांचा निष्कर्ष होता. छायाचित्रकारानं आरोप नाकारला, पण बक्षीस गेलं ते गेलं. फोटो तोच राहिला, एक पिक्सेलही बदलला नाही. तरी आता त्याच्याकडे कुणी पूर्वीसारखं बघू शकत नाही.

जाता जाता, तुम्ही पत्राच्या शेवटी बुलबुलाच्या घरट्याचा फोटो देऊ का विचारलंय. देऊ नका. काढूही नका. फोटोसाठी घरट्यापुढची पानं बाजूला केली की पिल्लं उन्हात येतात आणि कावळ्याच्या नजरेत येतात. घरट्यांचे फोटो न घेणाऱ्या स्पर्धा आता पुष्कळ आहेत आणि मला ते पटतं.

प्रश्न : आमच्या क्लबात दर महिन्याला तीच तीन नावं जिंकतात. परीक्षक त्यांच्याच ओळखीचे. आम्ही फक्त टाळ्या वाजवायला आणि वर्गणी भरायला. हे राजकारण नाही तर काय?
– एक वाचक, कराड

उत्तर : असूही शकतं. पण आधी ती तीन माणसं वर्षाला किती फोटो काढतात ते बघा. आमच्याकडचा असाच एक ‘नेहमीचा’ पहाटे चारला उठून दंडोबाच्या डोंगरावर जायचा, आठवड्यातून दोनदा, आणि महिन्याकाठी त्यातले दोन द्यायचा. आम्ही महिन्याभरात बारा काढायचो आणि त्यातले दोन द्यायचो.

आता तुमच्या बाजूनं बोलतो. परीक्षक माणूसच असतो. एका वर्षी मी शेजारच्या गावच्या क्लबात परीक्षक होतो. पडद्यावर हरिपूरचा संगम आला, संध्याकाळचा, एक होडी. नाव लपवलेलं होतं तरी तो फोटो माझ्या मित्राचा हे मी ओळखलं, कारण त्यानं तो मला घरी दाखवला होता, आणि मीच त्याला वरचं आभाळ कमी कर म्हणून सांगितलं होतं. मी ८ गुण दिले. फोटो ६ चा होता. घरी येताना माझं मला कळत होतं. मित्राला दुसरं बक्षीस मिळालं, आणि तिसऱ्या नंबरवर गेलेली मुलगी कोण होती ते मला माहीतही नाही.

म्हणून व्यवस्था अशी हवी की माणसाला मोह कमी होईल. परीक्षक दुसऱ्या गावचे असावेत. तीन असावेत, आणि तिघांनी एकमेकांचे आकडे न बघता एकाच वेळी द्यावेत, मग बेरीज करावी. आंतरराष्ट्रीय सलोनमध्ये, म्हणजे मोठ्या फोटो स्पर्धांत, बटणाच्या यंत्रावर असंच करतात. तुमच्याकडे यंत्र नसेल तर तीन कागद आणि तीन पेनं पुरतात. ओळखीचा फोटो आला तर परीक्षकानं त्या फोटोपुरतं बाजूला व्हावं. आणि नवशिक्यांचा गट वेगळा ठेवावा, वर्षातून तीन बक्षिसं मिळाली की वरच्या गटात. वार्षिक सभेत हे मांडा. ‘राजकारण’ हा शब्द मात्र वापरू नका, नाहीतर चर्चा त्या शब्दावरच होईल.

प्रश्न : मी लग्नांचे फोटो काढतो. गेल्या सीझनला पाठवणीच्या वेळी नवरी बापाच्या गळ्यात पडली तो क्षण असा काही आलाय की स्पर्धेत द्यावाच असं वाटतं. फोटो मीच काढला, मग कुणाला विचारायची गरज आहे का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : आहे, आणि कारण ऐकून तुम्ही दचकाल. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटोचा कॉपीराइट साधारणपणे फोटो काढणाऱ्याचा. पण कुणी पैसे देऊन, आपल्या सांगण्यावरून फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केलेला नसला, तर पहिला मालक पैसे देणारा. म्हणजे तुमच्या बाबतीत बहुधा तो रडणारा बापच. सुपारी घेताना ऑर्डर बुकात एक ओळ छापून घ्या की फोटो स्पर्धेत आणि प्रदर्शनात देण्याची परवानगी आहे, आणि त्याखाली सही घ्या.

या फोटोसाठी सरळ त्यांच्या घरी जा, प्रिंट घेऊन. नवरीलाही विचारा, चेहरा तिचा आहे. ती नको म्हणाली तर विषय संपला. माझा अंदाज, हो म्हणतील आणि प्रिंट ठेवून घेतील.

क्लबाबाहेरच्या स्पर्धांना फोटो पाठवताना अटींचा कागद शेवटपर्यंत वाचा. ‘आलेल्या सर्व फोटोंचे सर्व हक्क आयोजकांकडे’ अशी ओळ दिसली की ओळखावं, ह्यांना स्पर्धा नको आहे, फुकटचे फोटो हवे आहेत.

प्रश्न : मी बारावीत आहे. माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. क्लबातले काका म्हणतात कॅमेरा घेतल्यावर ये. आणि मोबाइलमधलं एआय वापरून मागचा माणूस काढला तर चालेल का?
– एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : त्या काकांना नियमावली दाखवायला सांग. ‘मोबाइलचा फोटो चालणार नाही’ असं तीत लिहिलेलं नसेल तर बिनधास्त दे. पडद्यावर १९२० पिक्सेलला तुझा मोबाइल पुरून उरतो. प्रिंटला, बारा बाय अठराला, अंधारातला फोटो फाटेल, म्हणजे ठिपके ठिपके दिसतील. उजेडातला दे.

एआयनं माणूस काढायचा तर आधी विचार, आणि लेखी विचार. काही क्लबांत खुल्या विभागात चालतं, काहींत अजिबात नाही, आणि बक्षिसाच्या आधी मूळ फाइल मागणारे वाढले आहेत. २०२३ मध्ये सोनीच्या जागतिक स्पर्धेत एका जर्मन कलाकाराचं एआयनं बनवलेलं चित्र एका गटात विजेतं ठरलं होतं. त्यानं स्वतःच बक्षीस नाकारलं आणि सांगितलं की स्पर्धा याला तयार आहेत का ते मला बघायचं होतं. तुला कुणाची परीक्षा घ्यायची नाहीये. मागचा माणूस आपोआप जाईपर्यंत थांब. सांगलीत माणसं एका जागी फार वेळ उभी राहत नाहीत, पानाच्या टपरीपुढं सोडून.

प्रश्न : वय ७८. माझ्याकडे १९७२ च्या दुष्काळातल्या रोजगार हमीच्या कामांवर काढलेले निगेटिव्ह आहेत, एका बिस्किटाच्या डब्यात. खडी फोडणारी माणसं. कधी कुठं दिले नाहीत. आता या वयात स्पर्धेत देणं शोभेल का, आणि घेतील का?
– एक वाचक, आटपाडी

उत्तर : शोभेल की नाही हा प्रश्न मी ऐकलाच नाही असं समजतो. घेतील का, ते क्लबवर आहे. काही ठिकाणी फोटो गेल्या दोन-तीन वर्षांतलाच हवा अशी अट असते. तिथं तुमची फाइल आपोआप बाहेर पडेल, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पण मला वाटतं तुमच्या डब्यात स्पर्धेचा ऐवज नाही, अख्खं प्रदर्शन आहे.

आधी डबा उघडून नाकाजवळ धरा. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्म कुजायला लागली आहे, उशीर करू नका. वास नसेल तरी डब्यातून काढा आणि कागदी पाकिटांत, कोरड्या कपाटात ठेवा. निगेटिव्ह कडेनंच धरायचे, मधे बोट नाही. लॅबवाल्याला ‘स्वच्छ करून स्कॅन कर’ असं सांगू नका, नुसतं ‘स्कॅन कर’ म्हणा. स्वच्छ करण्याच्या नादात ओरखडे पडलेले मी पाहिले आहेत. आणि प्रत्येक पाकिटावर गाव, साल आणि आठवतील ती नावं पेन्सिलनं लिहा, तुम्हाला आठवतायत तोवरच.

संपादकांकडे माझा पत्ता आहे. आटपाडीहून मिरजेला यायला जमत असेल तर डबा घेऊनच या. दवाखान्यानं मोडीत काढलेला एक व्ह्यू बॉक्स, म्हणजे एक्स-रे बघायची उजेडाची पेटी, मी निवृत्तीच्या वेळी पैसे भरून घरी आणला होता. त्याच्या दोन ट्यूबांपैकी एक लागते. निगेटिव्ह बघायला एक पुरे.